डांबर न पडलेले रस्ते

इटलीच्या मध्यभागातल्या टस्कनी प्रांतात, सिएना या जुन्या शहराच्या उत्तरेला आणि दक्षिणेला, डांबराचा हात न लागलेले रस्ते आजही शेकडो किलोमीटर पसरले आहेत. चुनखडीची खडी आणि माती दाबून बांधलेले, उन्हात डोळे दिपवणारे हे रस्ते तिथे 'स्त्रादे बियांके', म्हणजे पांढरे रस्ते, या नावाने ओळखले जातात, आणि द्राक्षमळे, गढ्या, मठ व लहान लहान नद्या यांना जोडत जाणाऱ्या या रस्त्यांवर सायकल चालवण्यासाठी जगभरातून माणसे येतात. मोटारगाड्या आणि महामार्ग यांच्यासाठी नावाजलेल्या एका संपन्न देशात हे कच्चे रस्ते टिकले कसे, हा प्रश्न येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना पडत असावा. त्याचे उत्तर सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकात छापण्याजोगे नाही: ज्या काळात खेड्यापाड्यांतले रस्ते पक्के होत होते त्याच काळात इथले शेतकरी शेती सोडून शहरांकडे निघून गेले, आणि ज्या रस्त्याने फारसे कोणी जात-येत नाही त्यावर डांबर टाकण्याची निकड कोणत्याच नगरपालिकेला वाटली नाही. रस्ते जपायला हवेत ही कल्पना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुचली, आणि ती सुचवणारे लोक सायकलवर बसून आले.

खडीच्या रस्त्यावर सायकल चालवणे ही वास्तविक नवी गोष्ट नव्हे, कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इटलीतले बहुतेक ग्रामीण रस्ते असेच होते आणि जीनो बार्ताली व फाउस्तो कोप्पी यांच्या काळातल्या मोठ्या शर्यतीही याच फुफाट्यातून जात. आज 'ग्रॅव्हल सायकलिंग' या नावाने जो वेगळा प्रकार ओळखला जातो तो मात्र अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या, क्षितिजापर्यंत सरळ जाणाऱ्या शेतरस्त्यांवर रुजला. कॅन्सस राज्यातली या प्रकारातली सर्वांत गाजलेली शर्यत २००६ साली सुरू झाली. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ साली घेतली, तीही इटलीतच, उत्तरेकडच्या व्हेनेतो प्रांतात. तिचा शेवट चित्तादेल्ला या तटबंदीच्या गावी झाला. पुढच्या वर्षीही स्पर्धा त्याच प्रांतात झाली आणि मार्ग पिआवे नदीच्या खोऱ्यातल्या, प्रोसेक्को या फेसाळ वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या टेकड्यांमधून नेण्यात आला. तरीही इटलीतल्या खडीच्या रस्त्यांचा विषय निघाला की बोलणे सिएनाच्या परिसराकडेच वळते, कारण भूगोल, शेती, इतिहास आणि शर्यत या चारही गोष्टींची गाठ तिथे पडलेली आहे.

या प्रवासासाठी लागणारी सायकल ही शर्यतीची सायकल आणि डोंगरी सायकल यांच्या मधली असते. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, ब्रेक चकतीचे, आणि गिअर इतके हलके की सामानासह अवघड चढ बसल्या जागी चढता यावा. पण खरा फरक टायरमध्ये असतो. डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीत साधारण २८ मिलिमीटर रुंदीचे टायर वापरतात आणि त्यांत सत्तर-ऐंशी पौंड हवा भरतात, तर खडीसाठी ४० मिलिमीटरच्या आसपासचे टायर घेऊन हवा तीस-चाळीस पौंडांवरच ठेवतात. कडक टायर प्रत्येक खड्यावर उसळतो, त्याबरोबर सायकल व स्वार दोघांचे वजन क्षणभर वर उचलले जाते आणि पुढे जाण्यासाठी लावलेला जोर त्यातच खर्ची पडतो. मऊ टायर त्याच खड्याभोवती दबतो आणि चाक जमिनीला धरून राहते. हवा इतकी कमी ठेवली की आतली ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटून फाटण्याची भीती असते, म्हणून बहुतेक जण ट्यूब काढूनच टाकतात आणि टायरमध्ये रबराच्या चिकासारखा द्रव घालतात, जो लहान भोक पडताच तिथे येऊन गोठतो आणि ते बुजवतो.

रस्त्याचे वाचन करणे हा या सायकलस्वारीतला निम्मा भाग आहे. मोटारींची चाके जिथून जातात तिथे खडी दाबली जाऊन दोन कठीण पट्टे तयार होतात, उडालेली सुटी खडी मधल्या वरंब्यात आणि कडेला साचते, आणि वळणावर तीच खडी बाहेरच्या अंगाला ढिगाने जमते; तेव्हा पट्टा सोडून दुसऱ्या पट्ट्यावर जायचे तर ते वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच उरकावे लागते. उतारावर, विशेषतः वाहने जिथे वेग वाढवतात किंवा ब्रेक लावतात तिथे, रस्त्याला पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. सुट्या पृष्ठभागावरून ठरावीक वेगापेक्षा जास्त वेगाने जाणारे चाक एखाद्या बारीक उंचवट्यावर किंचित उसळते, खाली येताना माती पुढे ढकलते, मागून येणारे चाक त्याच खळग्यात आपटून तो आणखी खोल करते, आणि थोड्याच दिवसांत सगळा उतार वळ्यांनी भरून जातो. यावर सायकलस्वाराला करता येण्यासारखे एवढेच असते की हँडल घट्ट न आवळता सैल धरावे, वजन मागे न्यावे, पुढचा ब्रेक जपून लावावा आणि दात एकमेकांवर वाजू नयेत म्हणून जबडा बंद ठेवावा.

हा रस्ता ज्या जमिनीवरून जातो ती जमीन समजल्याशिवाय त्याची चढउतार समजत नाही. सिएनाच्या आग्नेयेला 'क्रेते सेनेसी', म्हणजे सिएनाची चिकणमाती, या नावाचा प्रदेश आहे. प्लायोसीन कालखंडात, म्हणजे सुमारे पन्नास ते पंचवीस लाख वर्षांपूर्वी, इथे समुद्र होता आणि त्याच्या तळाशी साचलेला करडा गाळ आज टेकड्यांच्या रूपाने उघडा पडला आहे. या मातीत समुद्री क्षार असल्यामुळे ती पाण्याबरोबर सहज विरघळून वाहते. त्यातून कुठे खोल घळी तयार होतात, ज्यांना तिथले लोक 'कालांकी' म्हणतात, तर कुठे गवतही न धरणाऱ्या बुटक्या, घुमटाकार उंचवट्यांची रांग उरते. उन्हाळ्यात त्यांच्यावर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि म्हणून त्यांना 'बियांकाने' हे नाव पडले आहे. अशा निसरड्या उतारांवर रस्ता बांधला तर तो एका पावसाळ्यात खाली येईल आणि खोऱ्याच्या तळाशी बांधला तर चिखलात बुडेल, म्हणून जुने रस्ते बहुधा टेकडीच्या माथ्यामाथ्याने काढलेले आहेत. माथा संपला की रस्ता ओढ्यापर्यंत सरळ खाली उतरतो आणि पलीकडे तितकाच सरळ चढतो. नकाशावर सौम्य दिसणाऱ्या या टेकड्यांत दिवसाअखेर पाय का भरून येतात याचे कारण हेच आहे; सिएनाजवळच्या कोल्ले पिन्त्सुतो या चढाचा सर्वांत तीव्र भाग पंधरा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर अंतरामागे पंधरा मीटर उंचीचा, आणि ले तोल्फे या चढाचा अठरा टक्क्यांचा आहे.

या प्रदेशातल्या बहुतेक नद्या अखेर ओम्ब्रोने या एकाच नदीला मिळतात, जी किआंतीच्या टेकड्यांतून निघून सुमारे १६० किलोमीटरचा प्रवास करून समुद्राला मिळते. आर्बिया, मेर्से आणि ओर्चा या तिच्या उपनद्या. उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात गोट्यांमधून जेमतेम पाणी वाहताना दिसते, पण त्यांच्या काठावर घडलेला इतिहास पात्राच्या मानाने बराच मोठा आहे. ४ सप्टेंबर १२६० रोजी आर्बियाकाठच्या मोंतापेर्ती येथे सिएनाने आपल्यापेक्षा बलाढ्य अशा फ्लॉरेन्सच्या सैन्याचा धुव्वा उडवला, आणि त्या संहाराचा उल्लेख दान्तेने आपल्या महाकाव्यात केल्यामुळे या लहानशा नदीचे नाव इटलीतल्या प्रत्येक शाळकरी मुलाच्या कानावर पडते. आर्बिया जिथे ओम्ब्रोनेला मिळते त्या बुओनकोन्वेन्तो या तटबंदीच्या गावी १३१३ साली सम्राट सातवा हेन्री मरण पावला. याच खोऱ्यातून 'व्हिया फ्रांचिजेना' हा उत्तर युरोपातून रोमला जाणारा यात्रामार्ग जातो. कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक दहाव्या शतकाच्या अखेरीस रोमहून परतताना आपल्या मुक्कामांची यादी करून गेला आणि त्या ७९ मुक्कामांवरूनच आज हा मार्ग आखला गेला आहे. बुओनकोन्वेन्तोच्या दक्षिणेला, ओर्चाच्या खोऱ्यात, यात्रेकरूंच्या थकल्या पायांसाठी बान्यो विन्योनी हे गाव होते, जिथे गावच्या मुख्य चौकाच्या जागी चौक नसून गरम पाण्याच्या झऱ्यांचा मोठा दगडी तलाव आहे. त्या तलावात उतरायला आता मनाई आहे, पण गावाबाहेर कड्यावरून ओघळणाऱ्या त्याच पाण्यात पाय बुडवून बसलेले सायकलस्वार अजूनही दिसतात.

बुओनकोन्वेन्तोपासून ईशान्येला चढत गेल्यावर सरूच्या झाडांत दडलेला, लाल विटांचा मोंते ओलिवेतो माज्जोरे हा मठ लागतो. बेर्नार्दो तोलोमेई या सिएनातल्या श्रीमंत घराण्यातल्या विद्वानाने १३१३ साली सर्व सोडून दोन सोबत्यांसह जी जागा एकांतासाठी निवडली तिला त्या काळी 'आक्कोनाचे वाळवंट' म्हणत, आणि भोवतालच्या उघड्याबोडक्या मातीकडे पाहिले तर हे नाव अतिशयोक्तीचे वाटत नाही. मठाच्या अंगणाभोवतीच्या ओवऱ्यांत लुका सिन्योरेल्ली आणि सोदोमा या दोन चित्रकारांनी संत बेनेडिक्टच्या चरित्रातले प्रसंग भिंतींवर रंगवलेले आहेत. सोदोमाने त्यात एके ठिकाणी स्वतःलाही उंची पोशाखात, पाळीव प्राण्यांसह उभे केले आहे, जे मठाच्या भिंतीवर शोभते की नाही याचा निर्णय पाहणाऱ्याने करावा.

सिएनाच्या उत्तरेला किआंतीचा प्रदेश सुरू होतो आणि पायाखालची जमीन बदलते. इथे चिकणमातीऐवजी 'गालेस्त्रो' हा हाताने चुरा होणारा पापुद्र्यांचा खडक आणि 'आल्बेरेसे' ही कठीण चुनखडी आढळते. पाणी धरून न ठेवणारी ही निकस जमीन गव्हाला नकोशी, पण द्राक्षवेलीला मानवणारी आहे, कारण मुळे खोल जावी लागतात आणि फळ कमी पण रसरशीत येते. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोघांनी या टेकड्यांसाठी शतकानुशतके झगडा केला. हद्द कशी ठरली याची एक दंतकथा आजही सांगितली जाते: दोन्ही शहरांतून एकेक स्वाराने कोंबडा आरवताच निघायचे आणि ते जिथे भेटतील तिथे हद्द मानायची असे ठरले, सिएनाने पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून पोसला, फ्लॉरेन्सने काळा कोंबडा उपाशी ठेवला, उपाशी कोंबडा पहाटेच्या कितीतरी आधी आरवला आणि जवळजवळ सगळी किआंती फ्लॉरेन्सच्या पदरात पडली. किआंती क्लासिको या वाइनच्या बाटलीवर काळा कोंबडा छापलेला असतो तो याच कथेच्या नावाने. कथा बाजूला ठेवली तरी १७१६ सालचा हुकूम खरा आहे: टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने त्या वर्षी किआंतीसह चार प्रदेशांच्या सीमा लेखी आखून दिल्या, आणि वाइनला तिच्या भूमीचे नाव कायद्याने बांधून देण्याचा हा जगातल्या आद्य प्रयत्नांपैकी एक मानला जातो.

इथली सर्वांत प्रसिद्ध गढी ब्रोलिओची, जी बाराव्या शतकापासून रिकासोली घराण्याकडे आहे. एकत्रित इटलीचा दुसरा पंतप्रधान झालेला बेत्तिनो रिकासोली हा याच घराण्यातला; राजकारणापेक्षा द्राक्षांत त्याचा जीव अधिक रमला असावा, कारण वर्षानुवर्षे प्रयोग करून १८७२ साली त्याने एका प्राध्यापकाला लिहिलेल्या पत्रात किआंती वाइनचे जे मिश्रण सांगितले ते पुढे जवळजवळ शंभर वर्षे प्रमाण मानले गेले. वाइनला सुगंध आणि जोम देण्यासाठी सांजोवेसे या जातीची काळी द्राक्षे, तिचा तिखटपणा कमी करण्यासाठी कानाइओलो, आणि लवकर प्यायची असेल तरच मालवाझिया ही पांढरी द्राक्षे, असे त्याचे म्हणणे होते. पांढऱ्या द्राक्षांचे प्रमाण पुढे व्यापाऱ्यांनी इतके वाढवले की गवताच्या वेष्टनातल्या बाटलीतली किआंती स्वस्त आणि पातळ म्हणून बदनाम झाली. २००६च्या हंगामापासून किआंती क्लासिकोत पांढरी द्राक्षे घालण्यास बंदीच आहे. दक्षिणेला मोंतालचिनोच्या डोंगरावर हीच सांजोवेसे एकटीच वापरून ब्रुनेल्लो ही वाइन करतात, जी विक्रीला येण्यापूर्वी काही वर्षे लाकडी पिंपांत आणि बाटलीत मुरवावी लागते.

आज सायकलवरून दिसणाऱ्या द्राक्षमळ्यांच्या नीटस, ट्रॅक्टरच्या मापाने आखलेल्या रांगा पाहून त्या अनादि काळापासून तशाच असाव्यात असे वाटते, पण त्या बहुतांशी गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या आहेत. त्याआधीची शेती 'मेझ्झाद्रिया' या अर्धेलीच्या पद्धतीने चालत असे: जमीनमालक शेत आणि त्यावरचे दगडी घर देई, वाटेकरी कुटुंब राबे, आणि पीक निम्मे-निम्मे वाटले जाई. वाटेकऱ्याला कुटुंबाला लागणारे सर्व काही त्याच तुकड्यात पिकवायचे असल्याने गव्हाच्या शेताच्या बांधावर मॅपलची झाडे लावत आणि द्राक्षवेल त्यांच्यावर चढवत, मध्येच जैतुनाची झाडे असत आणि झाडाचा पाला बैलांना जाई. घर जितक्या मोठ्या कुटुंबाचे तितके हात जास्त, म्हणून एकेका छपराखाली भाऊ-भावजया, मुले-नातवंडे मिळून वीस-वीस माणसे राहत. लग्न कोणी कधी करावे यातही मालकाचा शब्द चालत असे. विहीर लांब, वीज नाही, आणि पावसाळ्यात रस्त्याचा चिखल असा की डॉक्टर वेळेवर पोहोचेल याची खात्री नाही. महायुद्धानंतर शहरांतल्या कारखान्यांनी पगार देऊ करताच ही कुटुंबे भराभर बाहेर पडली. १९६४च्या कायद्याने नवे अर्धेलीचे करार करण्यास बंदी आली आणि १९८२च्या कायद्याने उरलेल्यांचे रूपांतर रोख खंडाच्या करारांत झाले, पण तोवर घरे ओस पडली होती. रिकाम्या पडलेल्या कुरणांवर सार्डिनिया बेटावरचे मेंढपाळ कळप घेऊन आले, आणि पिएन्त्सा गावचे जे मेंढीच्या दुधाचे चीज आज टस्कनीची ओळख म्हणून विकले जाते ते टिकवण्यात या परक्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या कळपांची राखण करणारे पांढरे, दांडगे कुत्रे सायकलमागे लागतात. अशा वेळी उतरून, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरून, सावकाश चालत जाणे हा एकच शहाणपणाचा मार्ग समजला जातो.

ओर्चाचे खोरे २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, आणि त्याचे कारण निसर्गसौंदर्य हे नसून माणसाने आखलेले भूदृश्य हे आहे. सिएनाच्या नगरभवनात आम्ब्रोज्यो लोरेन्त्सेत्तीने १३३८-३९ साली रंगवलेल्या सुशासनाच्या भित्तिचित्रात शहराच्या वेशीतून बाहेर पडणारा रस्ता, त्यावरून लादलेली जनावरे, शिकारीला निघालेले सरदार आणि आजूबाजूला नांगरणी-कापणी करणारे शेतकरी दिसतात. सिएनाच्या राज्यकर्त्यांनी ओर्चाचे खोरे वसवताना असेच काहीसे डोळ्यांपुढे ठेवले होते. मात्र पोस्टकार्डांवर सर्वाधिक छापली जाणारी, सरूच्या रांगेतून नागमोडी चढत जाणारी ला फोचे येथील वाट मध्ययुगातली नाही. आंतोनियो आणि आयरिस ओरिगो या दांपत्याने १९२४ साली ही उजाड इस्टेट विकत घेतली, धूप थांबवली, शाळा-दवाखाना काढला, आणि सेसिल पिन्सेंट या इंग्रज वास्तुरचनाकाराच्या मदतीने बागा व ही वाट आखली. दुसऱ्या महायुद्धात आयरिस ओरिगो यांनी रोजनिशी लिहिली, जी पुढे प्रसिद्ध झाली; जून १९४४मध्ये आघाडी अंगावर आली तेव्हा त्या आश्रयाला असलेल्या मुलांना घेऊन, तोफांच्या माऱ्यात, धुळीच्या रस्त्याने पायी मोंतेपुल्चानोला गेल्या.

त्याच उन्हाळ्यात या रस्त्यांवर मराठी बोलणारी माणसेही होती. दोस्त राष्ट्रांच्या सैन्यात भारतीय डिव्हिजन होत्या आणि त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. वाहनांनी उडवलेला पांढरा फुफाटा मैलभरावरून दिसे आणि शत्रूच्या तोफखान्याला नेम धरायला तेवढा पुरे, त्यामुळे आज ज्या धुळीची छायाचित्रे काढली जातात ती तेव्हा जिवावर बेतणारी होती. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला मोंतेगुफोनी नावाच्या गढीत एका मराठा पलटणीचा तळ पडला, तेव्हा तिथे उफ्फीत्सी संग्रहालयातून सुरक्षिततेसाठी हलवलेली अमोल चित्रे आढळली, ज्यांत बोत्तिचेल्लीचे 'प्रिमावेरा' होते. तिथून पूर्वेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे यांनी, आपल्या तुकडीतले बाकीचे सर्व जवान पडल्यावर, एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चाल करून ते काबीज केले आणि तिथेच त्यांना मरण आले; त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. उंब्रियातल्या मोंतोने या गावी २०२३ साली त्यांच्या नावे सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभारले गेले. टायबरच्या खोऱ्यातून सायकलने जाणाऱ्या मराठी प्रवाशाने तेवढा फाटा घेतला तर तो वाया जाणार नाही.

पांढऱ्या रस्त्यांची बाजू पहिल्यांदा मोठ्याने मांडली ती जानकार्लो ब्रोच्ची या किआंतीतल्या सायकलप्रेमी गृहस्थाने. उरलेसुरले कच्चे रस्तेही डांबराखाली जाऊ नयेत आणि सायकलचा जुना, कष्टाचा काळ लोकांना अंगावर अनुभवता यावा म्हणून त्याने १९९७ साली गायोले या गावातून 'ल'एरोइका', म्हणजे शौर्याची फेरी, सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ जण आले; आज दर ऑक्टोबरमध्ये हजारो येतात. सायकल १९८७ पूर्वीच्या घडणीची असली पाहिजे, गिअरचे खटके चौकटीच्या खालच्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या आणि पेडलला पट्टे, असा नियम आहे, आणि बहुतेक जण लोकरी जर्सी घालून, खांद्यावर जादा टायर आठच्या आकड्यात गुंडाळून येतात. सर्वांत लांब मार्ग २०९ किलोमीटरचा असल्याने स्वार अंधारातच निघतात, आणि ब्रोलिओच्या चढावर रस्त्याच्या दोन्ही कडांना पेटवलेल्या दिव्यांच्या उजेडात गढीपर्यंत चढतात. थांब्यांवर पाकिटबंद खाऊऐवजी शिळा पाव, घेवडा आणि भाज्या पुन्हा उकळून केलेले 'रिबोल्लिता' नावाचे दाट सार, बिनमिठाचा पाव, सलामी आणि पेलाभर किआंती मिळते. वाटेकऱ्याच्या घरी नाइलाजाने शिजणारे हे सार आज कौतुकाने वाढले जाते यात थोडा विनोद आहे, पण दीडशे किलोमीटर धूळ खाल्ल्यावर त्याची चव लागते हेही खरे. या फेरीचा मार्ग आता कायमच्या पाट्या लावून आखून ठेवला आहे आणि वर्षभरात केव्हाही, आपल्या सोयीने, तुकड्यातुकड्यांनी करता येतो.

या हौशी फेरीतून २००७ साली व्यावसायिकांची 'स्त्रादे बियांके' ही शर्यत जन्मली. पहिली शर्यत ऑक्टोबरमध्ये झाली आणि रशियाच्या अलेक्सांद्र कोलोब्नेवने ती जिंकली. पुढच्या वर्षापासून ती मार्चमध्ये होऊ लागली, आणि २०१५पासून महिलांचीही होते. शतकभर जुन्या शर्यतींच्या मानाने हे वय काहीच नाही, तरी तिची कीर्ती त्यांच्या बरोबरीला आली आहे, कारण दोनशेहून अधिक किलोमीटरांतला जवळजवळ तिसरा हिस्सा खडीचा असतो आणि टीव्हीवरचे चित्र शंभर वर्षांपूर्वीचे वाटते. मोंते सांते मारिए हा साडेअकरा किलोमीटरचा खडीचा टप्पा तीन वेळा शर्यत जिंकणाऱ्या स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेल्लाराच्या नावे करण्यात आला आहे. याच टप्प्यावर २०२४ साली स्लोव्हेनियाचा ताडेय पोगाचार सुटला आणि उरलेले ८१ किलोमीटर एकट्याने कापून जिंकला. शेवट सिएनाच्या जुन्या गल्लीतल्या सोळा टक्क्यांच्या चढावरून, घोड्यांच्या शर्यतीसाठी प्रसिद्ध असलेल्या शिंपल्याच्या आकाराच्या चौकात होतो. पावसाने मात्र हे सगळे नाटक पालटते. २०१० सालच्या इटलीच्या महाफेरीचा, म्हणजे जिरोचा, एक टप्पा मोंतालचिनोला संपत होता. दिवसभर पाऊस पडला आणि ऑस्ट्रेलियाचा कॅडेल एव्हान्स विजयरेषा ओलांडत असताना त्याच्या अंगावर जर्सीचा रंग ओळखू येत नव्हता.

या चिखलाची धास्ती हौशी प्रवाशाने अधिक घ्यावी. क्रेतेची ओली माती टायरला चिकटते, तिला खडी चिकटते, आणि चौकट व चाक यांमधली फट भरली की चाक फिरायचेच थांबते. मग सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे, जुलै-ऑगस्ट टाळावेत, आणि पाऊस झाल्यावर एक दिवस किआंतीच्या दगडाळ रस्त्यांकडे वळावे. पाण्याची सोय गावच्या नळांवर होते, आणि गाव नसेल तिथे दफनभूमीत. थडग्यांवरच्या फुलांसाठी तिथे नळ असतोच, हे जाणते सायकलस्वार एकमेकांना सांगतात.

पांढरा रस्ता राखणे डांबरी रस्त्यापेक्षा सोपे असते असा समज असेल तर तो खरा नाही. पृष्ठभाग मध्ये फुगीर आणि कडेला उतरता ठेवावा लागतो, बाजूचे चर उपसावे लागतात, मोठ्या पावसात वाहून गेलेली खडी पुन्हा टाकून रोलर फिरवावा लागतो, आणि हा खर्च लहान गावांच्या पालिकांवर पडतो. रिकाम्या पडलेल्या शेतघरांत, १९८५च्या कायद्याने शेतावरच्या पर्यटनाला वाट मिळाल्यापासून, पुन्हा माणसे आली आहेत, पण ती बहुतांशी पाहुणे आहेत. जे बारमाही राहतात, रोज मुलांना शाळेत सोडतात आणि दोरीवर कपडे वाळत घालतात त्यांना धुळीचे कौतुक नाही, आणि घरासमोरच्या पन्नास-शंभर मीटरांवर तरी डांबर पडावे ही त्यांची मागणी असते. अनेक ठिकाणी ती मान्य झालेली दिसते. खडीच्या लांबच लांब टप्प्यात मध्येच एखाद्या घरापुढे काळा पट्टा येतो, घर मागे पडले की संपतो, आणि शर्यतीच्या दिवशी त्याच घरातली माणसे खुर्च्या टाकून कुंपणाशी बसलेली असतात.